विजेरीचा डोळा बदलताना

(समता कॉलोनी, रायपूर येथील वाचकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषांतरकाराला बोलावयास बोलावले म्हणजे त्याने ग्रंथांविषयी, निदान शब्दांविषयी तरी बोलावे, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. मी आज विजेरीविषयी बोलणार आहे. तिच्या पोटातील प्रकाश देणारा जो लहानसा तुकडा असतो, तो घरच्या घरी कसा बदलावा, एवढाच माझा विषय आहे. तो निवडण्याचे कारण साधे आहे. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीविषयीच्या मजकुराचे मराठी भाषांतर करताना मी स्वतःपुरता एक नियम घालून घेतला : जी कृती मराठीत लिहावयाची, ती आधी एकदा आपल्या हातांनी करून पाहावयाची. हातांनी केल्यावाचून क्रियापदे बरोबर येत नाहीत. ‘उचलावे’ आणि ‘उचलून घ्यावे’ ह्यांतील अंतर शब्दकोशात सापडत नाही. ते चिमट्याच्या टोकाशी सापडते.

तरीही प्रारंभ शब्दांपासूनच करते. आपल्या घरांतून ‘बॅटरी आण’ असे म्हटले, तर मूल विजेरीच घेऊन येते. आत घालावयाच्या वस्तूला आपण ‘सेल’ म्हणतो. म्हणजे आपल्या बोलीने पोटातील वस्तूचे नाव संपूर्ण वस्तूला दिले. ‘विजेरी’ हा शब्द सुंदर असूनही पुस्तकातच अधिक राहिला. रायपुरात तर प्रश्नच नाही. घरात मराठी, दारात हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना दुकानात ‘टॉर्च’ म्हणूनच मागावी लागते. ज्या माधवराव सप्रे यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेले, ते ह्याच शहरात १९२६ साली निवर्तले. दोन भाषांच्या उंबरठ्यावर बसून काम करण्याची परंपरा ह्या गावाला आहे, एवढे ह्या निमित्ताने नोंदवून पुढे जाते.

विजेरीत प्रकाश देणाऱ्या तुकड्याला इंग्रजीत ‘एमिटर’ म्हणतात. मी त्याला ‘उत्सर्जक’ म्हणेन. तो एलईडी जातीचा असतो, म्हणजे अर्धसंवाहक पदार्थाचा बनलेला असतो. ज्या धातूच्या लहान पत्र्यावर तो बसविलेला असतो, त्याला आपण ‘चकती’ म्हणू. चकतीच्या मागे किंवा खाली प्रवाहाचे नियमन करणारे छोटे मंडल असते; त्याला कारागीर ‘ड्रायव्हर’ म्हणतात आणि मीही तसेच म्हणेन, कारण ‘चालक’ म्हटल्यास कोणाला अर्थबोध होईल असे वाटत नाही.

अर्धसंवाहकातून प्रकाश निघतो ही गोष्ट आपण समजतो तेवढी नवी नाही. हेन्री राउंड ह्या इंग्रज अभियंत्याने १९०७ साली कार्बोरंडमच्या स्फटिकाला विजेचा स्पर्श करताच तो पिवळसर उजळतो, अशी छोटीशी नोंद प्रसिद्ध केली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. पुढे रशियात ओलेग लोसेव्ह ह्या तरुण तंत्रज्ञाने ह्याच प्रकाशाचा चिकाटीने अभ्यास केला. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने मरण पावला. डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा व्यवहारोपयोगी एलईडी निक होलोन्याक यांनी अमेरिकेत १९६२ साली तयार केला. त्यानंतर लाल, हिरवे, पिवळे बिंदू यंत्रांवर चमकू लागले. परंतु निळा काही येईना, आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही. गॅलियम नायट्राइड ह्या हट्टी पदार्थाशी अनेकांनी झुंज दिली व बहुतेकांनी ती सोडली. नागोया येथे इसामु अकासाकी व हिरोशी अमानो आणि तोकुशिमा प्रांतातील निचिया ह्या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी मात्र ती सोडली नाही. १९९३ साली निचियाने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला, १९९६ साली पांढरा बाजारात आणला, आणि २०१४ साली त्या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकामुरांना ह्या शोधाबद्दल कंपनीकडून प्रथम वीस हजार येन मिळाले होते. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, हा एक वेगळाच अध्याय आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पांढरा म्हणून जो एलईडी आपण विकत घेतो, तो मुळात निळाच असतो. निळ्या प्रकाशावर पिवळ्या रंगाच्या दीप्तिमान भुकटीचा लेप दिलेला असतो. काही निळा प्रकाश लेपातून तसाच बाहेर येतो, काहीचे पिवळ्यात रूपांतर होते, आणि दोहोंच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरे म्हणतो. लेप बंद विजेरीतही दिसतो. काचेतून आत पाहिले, तर मध्यभागी तो पिवळा चौकोन असतो. स्वस्त विजेऱ्यांत लेप पातळ असतो व प्रकाश निळसर पडतो. आणि मुख्य म्हणजे, त्या मिश्रणात लाल रंगाचा भाग फार थोडा असतो.

लाल थोडा असल्याने काय बिघडते? बहुतेक वेळा काहीच नाही. जिन्यातील पायरी दिसते, कुलूप दिसते, गच्चीवरील पाण्याची टाकी भरली की नाही ते दिसते. परंतु एक प्रसंग सांगते. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. मधुमेह्याच्या पायांची संवेदना मंदावते, आणि खडा टोचला किंवा चप्पल चावली तरी त्याला कळत नाही. म्हणून रोज पाय तपासावेत असे वैद्य सांगतात. हे काम सासूबाई रात्री झोपण्यापूर्वी विजेरीने करीत असत. एका सकाळी ओसरीवरच्या उन्हात त्यांना करंगळीखाली रुपयाएवढा लालसर चट्टा दिसला. आदल्या रात्री त्यांनी तीच जागा नीट पाहिली होती. सासूबाईंचे डोळे अधू नाहीत आणि त्या कामात हयगय करणाऱ्याही नाहीत. त्या विजेरीच्या निळसर उजेडात गव्हाळ त्वचेवरील लाली आसपासच्या रंगात विरून जात होती, असे नंतर आम्ही ताज्या, लालबुंद डाळिंबाच्या दाण्यांवर ती विजेरी मारून पाहिले तेव्हा पटले. दाणे विटकरी, मळकट दिसत होते. चट्टा वेळेवर दिसला व औषधाने बरा झाला, परंतु सासूबाई म्हणाल्या, “ह्या बॅटरीवर माझा विश्वास राहिला नाही.”

प्रकाश वस्तूंचे रंग कितपत खरे दाखवितो हे सांगणारा एक निर्देशांक आहे. त्याचे कमाल मूल्य १०० असते. तो आठ फिकट रंगांच्या सरासरीने काढतात. गडद लाल हा त्या आठांत नाही. तो नववा, आणि त्याचे मूल्य वेगळे पाहावे लागते. म्हणून सरासरीने ७० किंवा ८० पर्यंत पोहोचलेला उत्सर्जक लाल रंगात जवळजवळ नापास असू शकतो. सरासरी ९० च्या वर असलेले उत्सर्जक मिळतात. विकत घेताना सरासरीबरोबर ह्या नवव्या रंगाचा आकडाही विचारावा. दुसरा आकडा प्रकाशाच्या छटेचा. तो केल्विनमध्ये सांगतात : ६५०० म्हणजे निळसर, ५००० म्हणजे दुपारच्या उन्हासारखा, ४००० म्हणजे किंचित उबदार, आणि २७०० म्हणजे जुन्या तारेच्या दिव्यासारखा पिवळा. आम्ही ४००० केल्विनचा, ९० हून अधिक निर्देशांकाचा उत्सर्जक निवडला. अशा उत्सर्जकाचा उजेड मोजमापाने काहीसा कमी भरतो, कारण लाल प्रकाश देण्यात विजेचा अधिक व्यय होतो. पाय तपासावयाचे असतील तर ही तोट्याची गोष्ट नव्हे. शेताच्या पलीकडच्या बांधावरचे पाहावयाचे असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

प्रत्येक विजेरी उघडत नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. प्लास्टिकची, भिंतीतील खटक्यात लावून भारित करावयाची जी विजेरी असते, तिच्यात बहुधा बारीक एलईडींची रांग असते आणि सारे काही डिंकाने चिकटविलेले असते. तिच्याशी खटपट करण्यात अर्थ नाही. पितळी नळकांड्याच्या जुन्या विजेरीत तारेचा दिवा असतो. तेथे दिवाच बदलावा लागतो, आपली कृती लागू पडत नाही. आपल्याला हवी ती ॲल्युमिनियमच्या अंगाची, एकाच उत्सर्जकाची आणि तोंडाची कडी आटे फिरवून निघणारी विजेरी. कडी घट्ट बसली असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळून फिरवावी. हाताची पकड बसते.

कडी काढण्यापूर्वी सेल बाहेर काढावा. ही सूचना सर्वांत साधी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. हल्लीच्या पुष्कळ विजेऱ्यांत लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा म्हणून त्याला १८६५० म्हणतात. पूर्ण भारित असता त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो, आणि त्याच्या दोन टोकांमध्ये धातूचा चिमटा आडवा पडला, तर तो क्षणात तापून पेट घेऊ शकतो. काढलेला सेल दुसऱ्या खोलीत, टेबलावर एकटा ठेवावा. रायपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, तो उन्हातल्या मोटारीत तर मुळीच विसरू नये.

कडी, काच आणि वाटीसारखा परावर्तक निघाला की तळाशी चकती दिसते. चकतीवर मधोमध उत्सर्जक असतो आणि कडेला दोन तारा जोडलेल्या असतात, बहुधा तांबडी व काळी. कोणती तार कोणत्या खुणेशी आहे ते कागदावर काढून ठेवावे. उत्सर्जकाभोवती पांढऱ्या प्लास्टिकचे एक कडे बसविलेले आढळेल. ते क्षुल्लक दिसते, म्हणून फेकून देण्याचा मोह होतो. ते जपून ठेवावे. तेच उत्सर्जकाला परावर्तकाच्या बरोबर मध्यावर धरते, आणि परावर्तकाचा धातू चकतीवरील जोडांना टेकू देत नाही. ते कडे नसेल तर शॉर्टसर्किट होण्याची भीती असते.

नवा उत्सर्जक आणताना दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत : आकार आणि दाब. बाजारात ३५३५ आणि ५०५० असे आकडे ऐकू येतात. त्यांचा अर्थ एवढाच की तुकडा एका बाजूने साडेतीन किंवा पाच मिलिमीटरचा आहे. दाबाच्या बाबतीत, साधा उत्सर्जक ३ व्होल्टच्या आसपास चालतो. परंतु एकाच तुकड्यात अनेक घटक जोडून ६ किंवा १२ व्होल्टचेही करतात. जुना ३ व्होल्टचा असेल तर नवाही तसाच घ्यावा, कारण ड्रायव्हर त्याच बेताने बनविलेला असतो. मोठ्या आकाराचा उत्सर्जक बसविला, तर उजेडाचा गोल पसरट होतो आणि दूरवर कमी पोहोचतो. हे पुष्कळांना अनुभवाने कळते, आधी कळलेले बरे.

नवशिक्याने उत्सर्जक आधीच बसविलेली तयार चकती घ्यावी, म्हणजे फक्त दोन तारांचे जोड बदलावे लागतात. जुन्या चकतीचा व्यास मोजून घ्यावा. १६ व २० मिलिमीटर हे नेहमीचे आकार आहेत. ज्याला केवळ तुकडाच बदलावयाचा आहे, त्याच्यासाठी पुढील कृती आहे.

सोल्डरला मराठीत ‘डाख’ असा जुना शब्द आहे. कथील व शिसे ह्यांचा ६३ ला ३७ ह्या प्रमाणातील डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिशाविना केलेला साधारणपणे २१७ अंशांच्या पुढे. तारा सोडवताना एक अडचण हमखास येते. चकती धातूची असल्याने ती डागणीची सारी उष्णता पिऊन टाकते, आणि बारीक टोकाची कमी वॅटची डागणी जोडावर टेकवून बसले, तरी डाख वितळत नाही. साठ वॅटची, रुंद टोकाची डागणी घ्यावी आणि टोकावर थोडा नवा डाख घेऊन टेकवावी. ओल्या स्पर्शाने उष्णता लवकर जाते.

तारा सुटल्या की चकती बाहेर निघते. ती सपाट, तापलेल्या पृष्ठभागावर ठेवावयाची. कारागिरांकडे त्यासाठी तापपट्टी असते. घरात जुनी इस्त्री उलटी, घट्ट आधार देऊन ठेवली तरी काम भागते. कापसाच्या खुणेवर तिचे तापमान शिसे असलेल्या डाखाला पुरते. स्वयंपाकाचा तवा वापरू नये, कारण शिसे आणि भाकरी ह्यांची गाठ पडता कामा नये. खिडकी उघडी असावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. मिनिट-दोन मिनिटांत उत्सर्जकाखालचा डाख चकाकू लागतो. त्या क्षणी चिमट्याने जुना तुकडा बाजूंनी धरून सरळ वर उचलून घ्यावा, ओढू नये.

आता चकतीवर तीन पट्ट्या दिसतील : कडेच्या दोन विजेच्या, मधली रुंद उष्णतेची. त्यांवर डाखाचा अगदी पातळ थर आणि थोडा फ्लक्स हवा. फ्लक्सचे काम समजावून सांगण्यास आपल्याकडे उत्तम दाखला आहे. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात कथील फिरवण्यापूर्वी नवसागर टाकतो, तो कशासाठी? धातूवरचा गंजाचा पापुद्रा निघावा आणि कथील धातूला धरावे म्हणून. फ्लक्सही तेच करतो. मात्र येथे नवसागर वापरू नये, तो मागे राहून धातू खातो. राळेचा फ्लक्स घ्यावा.

नवा उत्सर्जक त्याच्या खुणा पाहून, धन बाजू धन पट्टीवर येईल अशा रीतीने ठेवावा. त्याच्या घुमटाला स्पर्श करू नये. तो मऊ सिलिकोनचा असतो आणि त्याखाली केसाहून बारीक तारा असतात. डाख वितळला की एक गंमत पाहावयास मिळते. किंचित वाकडा ठेवलेला तुकडा आपोआप हलतो आणि सरळ होऊन पट्ट्यांवर बसतो. द्रवाच्या पृष्ठताणाने हे घडते. चिमट्याने एका कोपऱ्याला हलकेच ढकलावे. तो सरकून पुन्हा जागेवर आला, तर जोड चांगला झाला असे समजावे. मग चकती लाकडावर उतरवून आपोआप निवू द्यावी. पाण्यात बुडवू नये, वर फुंकूही नये.

जोडणीपूर्वी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून त्याची टोके पट्ट्यांना लावावीत. पुष्कळ मल्टिमीटरांच्या एवढ्याशा दाबानेही उत्सर्जक मंद उजळतो. उजळला तर दिशा बरोबर आहे.

यानंतर जो टप्पा येतो, त्यात घाई करणारे पुष्कळ आहेत, म्हणून येथे थोडे थांबते. दिव्याखाली अंधार असतो असे आपण म्हणतो. ह्या दिव्याखाली उष्णता असते. तारेच्या दिव्याची उष्णता प्रकाशाबरोबरच समोर फेकली जाते. एलईडीचा प्रकाश समोर थंड वाटतो, परंतु त्याला दिलेल्या विजेचा बराच मोठा भाग उष्णता होऊन त्याच्या पाठीत साठतो, आणि तिला बाहेर जाण्यास पाठीमागच्या धातूखेरीज मार्ग नसतो. मार्ग अडला की लेप करपतो, सिलिकोन पिवळे पडते, प्रकाश मंदावतो. ‘उडाला’ म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी विजेऱ्यांचा उत्सर्जक असा पाठीत गुदमरूनच मेलेला असतो. म्हणून चकतीच्या पाठीला उष्णतावाहक लेप लावावा. तोही पातळ, पापडाला तेल पुसतो तेवढाच. लेपाचे काम दोन धातूंमधील सूक्ष्म खळगे भरण्याचे आहे. थर जाड झाला, तर तोच अडसर होतो, कारण त्याची उष्णता वाहण्याची शक्ती ॲल्युमिनियमच्या मानाने फार थोडी असते. तांब्याच्या चकतीवर मधली पट्टी थेट तांब्याला जोडलेली मिळाली, तर ॲल्युमिनियमच्या साध्या चकतीपेक्षा ती सरस. अधिक प्रवाहाच्या विजेरीत हा फरक मोठा पडतो. ॲल्युमिनियमचा उल्लेख आला म्हणून सांगते : १९६५ साली स्थापन झालेल्या बाल्कोचा ॲल्युमिनियमचा कारखाना आपल्याच कोरब्यात आहे, आणि ज्या कोळशावर आपल्या घरांचे दिवे लागतात तोही तेथलाच. तरी पावसाळी रात्री जशपूरकडच्या पायवाटेवर माणूस विजेरीच्याच भरवशावर पाऊल टाकतो, कारण तो भाग सापांसाठी प्रसिद्ध आहे.

तारा पुन्हा जोडून, पांढरे कडे बसवून, परावर्तक व काच लावून कडी आवळावी. भिंतीवर प्रकाश टाकून पाहावा. गोलाच्या मध्यभागी काळा ठिपका दिसला, तर उत्सर्जक परावर्तकाच्या केंद्रस्थानी नाही. कड्याची जाडी कमी-अधिक करून तो दोष जातो. गोल एका बाजूला कललेला असेल, तर कडे नीट बसलेले नाही. झरोक्यात स्वतः डोळा लावून उजेड पाहू नये; आजच्या उत्सर्जकांचा झोत डोळ्यांना अपायकारक होण्याइतका प्रखर असतो.

शेवटची परीक्षा पूर्ण उजेडावर तीन-चार मिनिटांची. विजेरीचे अंग तापू लागले की अनेकजण घाबरतात. वस्तुतः ते शुभलक्षण आहे : आतील उष्णता बाहेर येत आहे. अंग गार आणि उजेड मात्र उतरू लागला, तर लेप किंवा चकतीचा आवळा तपासावा लागेल. अंग हातात धरवेनासे झाले, तर प्रवाह जास्त आहे, आणि ती विजेरी खालच्या टप्प्यावरच वापरावी.

ह्या सर्व खटाटोपापेक्षा नवी विजेरी घेणे स्वस्त नाही का, असा प्रश्न मला विचारला जातो. पैशांचा हिशेब पाहिला तर कधी कधी तो प्रश्न रास्त असतो, आणि तसे असेल तेव्हा मी नवी घेण्यास सांगते. परंतु नव्या विजेरीच्या पेटीवर उजेडाचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात, रंगांचा निर्देशांक बहुधा नसतोच. आपल्याला हवा तो प्रकाश मिळविण्याचा खात्रीचा मार्ग पुष्कळदा हाच उरतो. दुरुस्तीच्या हक्काचा विचार सरकारनेही २०२२ साली हाती घेतला. त्यासाठी समिती नेमली गेली आणि वर्षाअखेर एक संकेतस्थळ सुरू झाले. विजेरीसारख्या किरकोळ वस्तूपर्यंत तो विचार केव्हा पोहोचेल तो पोहोचो. डिंकाऐवजी आटे असलेली वस्तू निवडणे हे मात्र ग्राहकाच्या हाती आजही आहे.

सासूबाईंच्या विजेरीत नवा उत्सर्जक बसविल्यावर आम्ही पुन्हा डाळिंब सोलले. दाणे डाळिंबाचेच दिसले. त्यांनी विजेरी सासऱ्यांच्या पायांवर धरली, बोटांच्या बेचक्यांतून फिरविली आणि मला म्हणाल्या, “टाचेला भेग पडली आहे, ती आतून लाल आहे. कालपर्यंत मला ती मातीची वाटत होती.” दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे डॉक्टरांकडे गेले.

येथे टेबलावर जुनी चकती, नवे दोन उत्सर्जक, चिमटा आणि उलटी इस्त्री ठेवली आहे. इस्त्री तापावयास पाच मिनिटे लागतील. ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे आहे त्यांनी पुढे यावे. चष्मा लागत असेल तर तो जवळचा लावून यावे.